ढोलकीवाल्याशेजारची जागा

माझ्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट माझी नाही. हे मी पंधरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला तर अजूनही नाही. प्रवासाबद्दल लिहायला बसलो तर पहिलं वाक्य हेच आलं. खोडून पाहिलं, पुन्हा तेच आलं, तेव्हा राहू दिलं.

ती गोष्ट अशी. पंधरा वर्षांपूर्वी, साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवत असताना मी मुलांचं एक नाटक बसवलं. त्यात एक पात्र असं आहे की त्याचा प्रवेश संपला तरी ते विंगेत जात नाही. रंगमंचावरच ढोलकीवाल्याशेजारी बसून राहतं आणि समोर चाललेल्या नाटकावर शेरे मारतं. राजा न्यायाच्या गप्पा मारायला लागला की हे म्हणणार, "झालं सुरू!" नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं, पुण्यामुंबईत प्रयोग झाले आणि ती ढोलकीवाल्याशेजारची जागा माझी म्हणून ओळखली जाऊ लागली. मी लेखही लिहिला. एका जर्मन नाटककाराचे विचार वाचताना मला ही कल्पना सुचली, प्रेक्षकाला नाटकात बुडू द्यायचं नाही, मधूनमधून जागं करायचं, असं बरंच काही. खरं म्हणजे ते जर्मन पुस्तक मी नाटक बसवून झाल्यावर वाचलं. जागा मला दाखवली ती गेनबांनी. गेनबा तमाशात सोंगाड्या होते.

त्या लेखाच्या जोरावर मला अमेरिकेचं बोलावणं आलं. शहाऐंशी सालचा ऑक्टोबर, तीन आठवडे, पेनसिल्व्हानियातल्या एका विद्यापीठाचा नाट्यविभाग. व्याख्यानाचा विषय त्यांनीच ठरवला होता: पाश्चात्य रंगभूमीचा भारतीय प्रयोगकलांवरचा प्रभाव. पत्र मी दोनदा वाचलं, एकदा आनंदाने आणि एकदा धास्तीने. ही संधी आहे, तिथे ओळखीचं कुणी नाही, तिथे तरी खरं सांगून टाकावं, असं मी विमानात बसेपर्यंत ठरवलं होतं. विमानातून उतरेपर्यंत ते ठरवणं बरंच पातळ झालं होतं.

एडिसन

पहिले पाच दिवस वसंताकडे. वसंता माझा कॉलेजातला मित्र, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन त्याला बारा-चौदा वर्षं झालेली. विमानतळावर त्याने मिठी मारली आणि लगेच माझ्या कोटाचं कापड चिमटीत धरून बघितलं.

"हा कोट? यार, हा घालून तू पेनसिल्व्हानियात मरशील. उद्या माझा ट्राय कर."

"तुझ्यात मी दोनदा मावेन."

"मग दोनदा घाल."

त्याची बायको शीला नागपूरची. "भाऊजी, दोन दिवस तरी ते व्याख्यान बाजूला ठेवा बरं," असं म्हणून तिने पहिल्याच संध्याकाळी पिठलं केलं. फोडणी तडतडली आणि छताला चिकटवलेल्या एका पांढऱ्या डबीने कान फाटतील अशी शिट्टी सुरू केली. धुराची सूचना देणारं यंत्र. मला वाटलं घराला आग लागली, मी पासपोर्टकडे धावलो. वसंता स्टुलावर चढून वर्तमानपत्राने त्या डबीला वारा घालू लागला. त्यांची चौदा वर्षांची मुलगी मीरा सोफ्यावर वाचत पडली होती. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "डिनर इज रेडी."

ओक ट्री रोडवर तेव्हा आपल्या लोकांची दुकानं नुकती कुठे दिसू लागली होती. शीला मला एका किराणा दुकानात घेऊन गेली. दाराशी पाऊल टाकताच हिंगाचा वास आला आणि चार दिवसांतच मला घरची आठवण यावी याची लाज वाटली. शनिवारी वसंताच्या तळघरात सात-आठ मराठी कुटुंबं जमली. पुणं, मुंबई, नागपूर, बेळगाव, सगळ्या बोली एका खोलीत. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणला होता. पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, सावर क्रीमचं श्रीखंड, कॉर्नफ्लेक्सचा चिवडा. मूळ जिनसांशिवाय त्या चवीपर्यंत पोचायची ही खटपट पाहून मी अगदी हेलावलो. श्रीखंड तर मी तीनदा घेतलं. करणाऱ्या काकू म्हणाल्या, "खोटंखोटं आहे हो, पण जमतंय ना?"

मग नाटकाचा विषय निघाला. वसंताने मोठ्या अभिमानाने माझी ओळख करून दिली. एक गृहस्थ, व्यवसायाने दाताचे डॉक्टर, म्हणाले, "सर, मी तुमचा तो प्रयोग पाहिलाय. काय ते जर्मन टेक्निक! तुमच्यामुळे आपलं नाटक मॉडर्न झालं."

मीराने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. ती शाळेच्या नाटकात काम करत होती. "काका, डिड यू मेक इट अप? म्हणजे, ऑल बाय युवरसेल्फ?"

"वाचता वाचता सुचलं," मी म्हणालो.

किती सहज आलं ते. इतक्या वर्षांच्या सवयीने आवाजही बरोबर लागला, थोडा नम्र, थोडा संकोची. ती "कूल" म्हणाली आणि वर निघून गेली. मी चिवडा खात बसलो.

स्टेट कॉलेज

विद्यापीठाच्या गावाचं नावच स्टेट कॉलेज. बसने जाताना दोन्ही बाजूंचे डोंगर लाल-पिवळे झालेले. आपल्याकडे पानं गळायची ती धूळ खाऊन, गुपचूप. इथे झाडं जणू सगळे दागिने घालून मग उतरवायला बसतात. बसथांब्यावर रूथबाई न्यायला आल्या होत्या. साठीच्या, आखूड पांढरे केस, आणि पायांत लोकरीच्या मोज्यांवर कोल्हापुरी चपला. "पुण्याला घेतल्या," त्या म्हणाल्या, "माझ्या देशात यांच्यासारखं काही नाही." आपल्या देशात या मोज्यांवर घालत नाहीत, हे मी मनातच ठेवलं.

रूथबाईंनी माझं नाटक पुण्यात पाहिलं होतं आणि त्यावर प्रबंधासारखा मोठा लेख लिहिला होता. त्यांच्याच घरी माझी सोय होती. सकाळी ओटची खीर, त्यावर दालचिनी. बाई एकट्या राहत, पण जेवायच्या टेबलावर रोज कुणीतरी विद्यार्थी असेच. वर्गातही तीच तऱ्हा. मुलं बाकावर पाय घेऊन बसत, सँडविच खात खात प्रश्न विचारत, "तुम्ही म्हणता ते मला पटत नाही," असं हसून सांगत. पहिल्या दिवशी मी मनातून चिडलो. तिसऱ्या दिवशी मला ती फार आवडू लागली. माझ्या कॉलेजात चोवीस वर्षांत एकाही मुलाने मला "पटत नाही" म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

दारांची एक गंमत. इथे पुढचा माणूस दार उघडून तुमच्यासाठी धरून उभा राहतो, तुम्ही वीस पावलं मागे असलात तरी. मग तुम्हाला धावावं लागतं. तीन आठवडे मी दारांकडे धावतच होतो.

व्याख्यान गुरुवारी दुपारी झालं. रंगवलेले पडदे, चौकटीचा रंगमंच, पायदिवे, तिकिटं, अंधारात गप्प बसलेला प्रेक्षक हे सगळं साहेबाबरोबर आपल्याकडे कसं आलं, आपल्या संगीत नाटकाने ते कसं पचवलं, हे मी सांगितलं. ते खरंच होतं आणि मी बरं बोललो. मग आमची पिढी. युरोपातल्या नाटकवाल्यांनी पूर्वेकडे पाहिलं, त्यांची पुस्तकं आमच्याकडे आली आणि ती वाचून आम्ही आमच्या तमाशाकडे, दशावताराकडे वळलो. आमच्या अंगणातली वस्तू आम्हाला तिकडच्या खिडकीतून पाहिल्याशिवाय दिसली नाही, असं एक वाक्य मी टाकलं. हशा आणि टाळ्या. वाक्य चांगलं होतं. माझ्यापुरतं ते खोटं होतं, एवढंच. मला वस्तू अंगणातच दिसली होती. खिडकी मी नंतर आणून लावली.

मग रूथबाई उठल्या. माझ्यासाठी एक भेट आहे म्हणाल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी माझ्या नाटकातला दहा मिनिटांचा प्रवेश इंग्रजीत बसवला होता. "जर्मनीहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून पेनसिल्व्हानियाला," बाई म्हणाल्या, "एक वर्तुळ पूर्ण होतंय."

स्कॉट नावाचा उंच, तांबड्या केसांचा मुलगा ढोलकीवाल्याशेजारी बसला. ढोलकी म्हणजे मांडीवर आडवा घेतलेला एक आफ्रिकी ढोल. राजा बोलू लागला, स्कॉटने प्रेक्षकांकडे बघून शेरा मारला, थोडंफार हसू आलं. मुलं जीव तोडून करत होती, पण प्रवेश काही उठेना. मला राहवेना. मी वर गेलो.

"प्रेक्षकांकडे बघू नकोस," मी स्कॉटला म्हणालो. "तू त्यांच्याशी बोलतच नाहीयेस. तू ढोलकीवाल्याशी बोलतोयस. तो तुझा जोडीदार, तुम्ही दोघं गावोगाव हेच बघत फिरताय, कंटाळलायत. त्यांच्याकडे खांदा कर. बोल त्याच्याशी, ऐकू दे त्यांना. आणि राजाला थांबवायचं असेल तेव्हा ओरडायचं नाही. असा तळवा ठेवायचा ढोलावर. नाद बंद, नाटक बंद."

मी मांडी घालून बसलो आणि करून दाखवलं. तळवा ठेवला. खोली गप्प झाली. राजा झालेली मुलगी तोंड उघडं ठेवून थिजली. मग मी ढोलवाल्याला हळूच म्हटलं, "पुन्हा तेच का रे?" आणि सगळी खोली हसली. ते हसू मी ओळखलं. साताऱ्याच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, आठ दिवसांच्या तालमींत, गेनबांनी तळवा ठेवला की ते यायचं.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक आपला मुलगा उठला. मिलिंद, कराडकडचा, तिथे पदार्थविज्ञानात पीएचडी करणारा. तो मराठीतच म्हणाला, "सर, तो तळवा ठेवायचा प्रकार पुस्तकात असेल असं वाटत नाही. तो कुणी दाखवला?"

रूथबाईंसाठी मी इंग्रजीत उत्तर दिलं. "तो आमच्या लोकपरंपरेतून आला आहे."

"हां," मिलिंद म्हणाला. "परंपरेतून." आणि खाली बसला.

नंतर कॉफीच्या टेबलाशी तो जवळ आला. "सर, उद्या आमच्याकडे जेवायला येता का? फार काही नाही, अंडाकरी."

मिलिंदचं घर

तिघा मुलांचं दोन खोल्यांचं घर, विद्यापीठाच्या बसच्या शेवटच्या थांब्याशी. भिंतीवर बुद्धाचं लहानसं चित्र, खाली हिशेबाच्या नव्हे, समीकरणांच्या कागदांचा ढीग. बाकीचे दोघं प्रयोगशाळेत गेलेले. मिलिंदने कांदा चिरायला मला दिला, "सर, पाहुणे असलात तरी इथे रूल आहे," आणि स्वतः अंडी सोलू लागला. सहा वाजले होते, बाहेर अजून ऊन होतं.

"काल राग आला का, सर?"

"नाही."

"माझे आजोबा हलगी वाजवायचे तमाशात. आमच्या घरात ते बोलायचं नाही. धम्म घेतल्यावर आजोबांनी हलगी खाली ठेवली ती परत उचलली नाही. वडील मास्तर झाले. मला तमाशा कधी बघूच दिला नाही." त्याने अंडं पाण्यात बुडवलं. "आणि इथे येऊन बघतो तर आम्ही खाली ठेवलेली वस्तू तुम्ही लोकांनी उचललीय. तिच्यावर सेमिनार! हसावं का रडावं कळेना, यार. सॉरी, सर."

"यार चालेल," मी म्हणालो.

तो हसला. आणि तेवढ्या एका हसण्याच्या आधाराने मी त्याला सांगितलं. गेनबांना मी एका जत्रेत पाहिलं, कॉलेजवर बोलावलं, त्यांनी आठ दिवस मुलांना शिकवलं, कशाची अपेक्षा न ठेवता, उलट "पोरं ग्वाड हाईत" म्हणत. तमाशा म्हटलं असतं तर परीक्षकांनी गावठी म्हणून बाजूला सारलं असतं, जर्मन म्हटल्यावर तेच आधुनिक झालं. इथवर सांगून मी थांबलो. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

"अजून आहे का?" मिलिंदने विचारलं.

अजून होतं. स्पर्धेच्या प्रयोगाला गेनबा आले होते. धुतलेलं धोतर, नवा फेटा. दुपारचा प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर परीक्षक माझं अभिनंदन करत होते आणि गेनबा हसत हसत आमच्याकडे येत होते. एका परीक्षकाने विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "हे आमचं वाद्यांचं सामान वाहतात."

गेनबांनी ते ऐकलं. चार पावलांवर होते ते. एक क्षण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून पायरीवर ठेवलेली ढोलकी उचलली, खांद्यावर घेतली आणि परीक्षकांना "सरा, सरा, मालक" म्हणत सामानाच्या गाडीकडे गेले. हमालासारखं थोडं वाकून, पाय ओढत. मला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून त्यांनी ते सोंगही पुरतं वठवलं. त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही.

 करी उतू जायला लागली तेव्हा मिलिंदने गॅस बारीक केला.

"मला का सांगितलंत, सर?"

"तू विचारलंस म्हणून."

"मी गेनबांचा कुणी नाही. मी तुम्हाला माफ करू शकत नाही, आणि शिव्या घालायचा पण मला हक्क नाही." त्याने दोन ताटं घेतली. "बाईंचं पुस्तक येतंय म्हणे. त्यांना सांगा. मला सांगून तुम्हाला फक्त हलकं वाटेल."

मग त्याने मला वाढलं, आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं, आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आला. माझा कोट पातळ आहे म्हणून स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला. तो परत द्यायचा राहून गेला आहे, पण ते पोस्टाने जमेल.

रूथबाईंची पेन्सिल

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटची खीर खाताना मी रूथबाईंना सगळं सांगितलं. जर्मन पुस्तकाची तारीख, गेनबा, पायऱ्या, ढोलकी. इंग्रजीत सांगताना ते अधिक उघडं वाटलं, कारण मराठीत जे आडपडदे मला येतात ते इंग्रजीत येत नाहीत. माझी अपेक्षा होती की बाई चिडतील. त्यांच्या लेखाचा पायाच निघून जात होता. कदाचित त्या चिडाव्यात अशी माझी इच्छाही असावी.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे वर्तुळ नव्हतंच," त्या म्हणाल्या. "एक माणूस होता." मग उठून पुस्तकाची हस्तलिखित पानं आणली, माझ्यावरचं प्रकरण काढलं आणि पहिल्याच पानावर माझ्या नावावर एक रेघ ओढली. ती रेघ ओढताना पेन्सिलीचा जो आवाज आला तो मला, खरं सांगतो, सुखाचा वाटला.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाव. स्पेलिंग सावकाश."

"गेनबा."

त्यांनी लिहिलं. "पुढे?"

मी चमच्याने खीर ढवळू लागलो. बाईंनी वर पाहिलं.

मला गेनबांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. आठ दिवस तो माणूस माझ्या मुलांना शिकवत होता, माझ्या घरी दोनदा जेवला होता, आणि त्याचं आडनाव, वडिलांचं नाव, गाव यातलं काहीही मी विचारलं नव्हतं. आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, आणि मी तर सुधारलेला माणूस, जातपात न मानणारा. न विचारण्याचा मला अभिमान होता. स्पर्धेच्या परीक्षकांची नावं मी पदव्यांसकट पाठ म्हणून दाखवली असती.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

 गेनबा या शब्दापुढे रूथबाईंनी लांबलचक टिंबं काढली आणि पान माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "पुस्तक उन्हाळ्यात छपाईला जाईल. तोवर थांबते."

उरलेला आठवडा चांगला गेला, हेही लिहायला हवं. स्कॉटला खांदा कसा वळवायचा ते जमलं. शेवटच्या दिवशी मुलांनी प्रवेश पुन्हा केला, आणि सुरुवातीला स्कॉटने सांगितलं की ही जागा मला गेनबा नावाच्या कलावंतामुळे मिळाली. त्याच्या तोंडी ते 'गॅनबॅ' झालं. मागे बसलेल्या मिलिंदने मान खाली घातली. हसू लपवायला की आणखी कशाला, मी विचारलं नाही.

परत

परतून चार महिने झाले. जुन्या लेखाची दुरुस्ती मी ज्या मासिकात तो छापला होता त्याच मासिकाला पाठवली आहे. बायकोला अजून तोंडाने सांगितलेलं नाही, हा मजकूर तिनेच आधी वाचावा म्हणून उद्या तिच्या हातात देणार आहे. ज्या जत्रेत गेनबा भेटले त्या गावी दोनदा जाऊन आलो. तो फड केव्हाच मोडला. एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने सांगितलं की गेनबा माण तालुक्यात लेकीकडे गेले होते, आता आहेत की नाहीत ते त्याला ठाऊक नाही. आडनाव विचारलं तर तो माझ्याकडे बघत राहिला. "आता कशापायी इचारताय?" म्हणाला.

रूथबाईंच्या पानावरची ती टिंबं अजून तशीच आहेत. गेनबांचं पूर्ण नाव मी देणं लागतो. ते जिवंत असतील तर लोकांच्या देखत त्यांची माफी मागणं लागतो, नसतील तर त्यांच्या लेकीला हे सगळं समोर बसून सांगणं लागतो. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.